जुन्याला नवं म्हणायचं नाही

बीड तालुक्यातल्या नेकनूरच्या जनावरांच्या बाजारात बैल घ्यायला आलेला शेतकरी मालकाच्या बोलण्यावर विसंबत नाही. तो सरळ बैलाचं तोंड उघडतो. जनावर आदत आहे, दुसा आहे, चौसा आहे की जुळलेलं, हे, म्हणजे त्याचं वय, दात सांगतात. मग चार पावलं चालवून खूर आणि सांधे बघायचे, खांद्यावरून हात फिरवायचा. एवढं करूनही बैल लंगडा निघालाच, तर गाव हसतं ते घेणाऱ्याला. नीट पाहून घेणं हे गिऱ्हाइकाचं काम, हा बाजाराचा जुना दंडक.

लिहिलेला कायदाही फार वेगळं बोलत नव्हता. ब्रिटिश हिंदुस्थानात १९३० साली वस्तुविक्रीचा कायदा झाला. त्याच्या सोळाव्या कलमाचा मूळ सूर असा की, माल गिऱ्हाइकाच्या कामाचा निघेल याची हमी विकणाऱ्यावर आपोआप पडत नाही. गिऱ्हाइकाने आपली गरज सांगून दुकानदाराच्या जाणकारीवर भिस्त ठेवली असेल, किंवा वर्णनावरून माल घेतला असेल, तर मात्र अपवाद होता. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, त्यामुळे हा कायदा इथे नव्हता. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद भारतात आलं आणि १९५१ साली ‘ब’ वर्ग राज्यांना केंद्रीय कायदे लागू झाले, तेव्हा हाही कायदा मराठवाड्यात पोचला.

आता मोबाइलच्या दुकानात या. बैलाच्या दातांसारखं फोनचं काही उघडून बघता येत नाही. स्क्रीनचा कॉम्बो बदललेला आहे का, बॅटरी कंपनीची आहे की बाजारातली, बोर्डात कधी पाणी गेलं होतं का, हे काचेवरून कळत नाही. नवी बॉडी चढवली, पुसून डब्यात घातला, की चार वर्षांचा फोन कालचा वाटतो. ‘रिफर्बिश्ड’, म्हणजे दुरुस्त करून पुन्हा विकायच्या, मालाचे नियम जन्मले ते या अडचणीतून. जो माल गिऱ्हाइकाला पारखता येत नाही, त्याबद्दल विकणाऱ्यानेच तोंड उघडलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. मात्र हे म्हणणं एका कायद्यात एका दिवशी आलेलं नाही.

यातलं सर्वांत जुनं कलम मक्तेदारीविरुद्धच्या कायद्यात सापडतं. १९६९ च्या या कायद्याचा रोख बड्या उद्योगसमूहांवर होता. फसव्या जाहिरातींना त्यात लगाम नव्हता. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या समितीने १९७८ च्या अहवालात ही उणीव दाखवली. त्यानंतर १९८४ च्या दुरुस्तीने ‘३६-अ’ हे कलम आलं आणि अनुचित व्यापारी प्रथांची यादी तयार झाली. त्या यादीत एक ओळ होती: पुन्हा बांधलेला, वापरलेला, नूतनीकरण केलेला, दुरुस्त करून चालता केलेला किंवा जुना माल नवा असल्याचं खोटं भासवणं. अमेरिकेत १९६४ साली राज्यांसाठी तयार झालेल्या नमुना कायद्यातही याच अर्थाचं कलम होतं.

पण ती ओळ सामान्य माणसाच्या हाताला लागणं अवघड होतं. मक्तेदारी आयोग दिल्लीत. आष्टी-पाटोद्याच्या माणसाने बिघडलेला रेडिओ घेऊन तिथे जायचं कसं? दरम्यान महाराष्ट्रात गिऱ्हाईक संघटित होऊ लागलं होतं. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत उभी केली, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत निघाली. अशा चळवळींच्या रेट्यातून २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायदा झाला. जुन्या मालाची ती ओळ या कायद्याच्या कक्षेतही आली. फरक पडला तो दाद मागण्याच्या जागेत. जिल्ह्या-जिल्ह्यात ग्राहक मंच आले आणि दिल्लीची ओळ बीडमध्ये चालू लागली.

डब्यावरचं लेबल येतं दुसऱ्या घराण्यातून, वजनमापांच्या. १९७६ चा कायदा आणि १९७७ चे आवेष्टित वस्तूंचे नियम यांनी पाकिटावर उत्पादकाचं नाव, वजन, महिना आणि किंमत छापायला लावली. सर्व करांसह कमाल किंमत छापण्याची सक्ती १९९० च्या दुरुस्तीतली. आज चालतात ते २०११ चे नियम. त्यात पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्कही लागतो. दुरुस्त फोन मूळ कंपनीच्याच डब्यात घालून विकला, तर त्या डब्यावरचा महिना आणि नाव आतल्या वस्तूबद्दल पुरतं खरं राहत नाही. गोची आहे ती इथे.

तिसरं घराणं कचऱ्याचं. इलेक्ट्रॉनिक वस्तूंत शिसं, पारा, कॅडमियम असतं, म्हणून २०११ साली ई-कचऱ्याचे पहिले नियम झाले. २०१६ मध्ये ते बदलले, २०२२ मध्ये पुन्हा नव्याने लिहिले गेले आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. वापरलेल्या उपकरणाची दुरुस्ती करून मूळ कामासाठीच त्याचं आयुष्य वाढवणं आणि ते विकणं किंवा मालकाला परत देणं, ही व्याख्या या नियमांत आहे. रिफर्बिशरने प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करायची, निघालेला कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडे द्यायचा आणि माल भारतीय मानक ब्युरोच्या मानकांत बसेल असं पाहायचं.

म्हणजे खोटं बोलायची बंदी ग्राहक कायद्यात आहे, आणि रिफर्बिशिंग म्हणजे काय ते लिहिलंय कचऱ्याच्या नियमांत. ते नियम लिहिणाऱ्यांची चिंता जमिनीत झिरपणाऱ्या शिशाची होती, गिऱ्हाइकाच्या खिशाची नव्हती. म्हणून ‘ए ग्रेड’, ‘जणू नवा’ असल्या बिरुदांना ते हात लावत नाहीत. फ्रान्सने फेब्रुवारी २०२२ मध्ये याच दुखण्यावर हुकूमनामा काढला. तपासण्या आणि लागतील त्या दुरुस्त्या झाल्याशिवाय मालाला ‘रिकंडिशन्ड’ म्हणायचं नाही आणि अशा मालापुढे ‘नव्यासारखा’ लिहायचं नाही, असं तिथे ठरलं.

चौथा धागा चोरीचा. फोनची ओळख असलेला आयएमईआय क्रमांक बदलणं २०१७ च्या नियमांनी गुन्हा ठरलं. मे २०२३ मध्ये ‘संचार साथी’ पोर्टल आलं. *#०६# दाबून क्रमांक काढा आणि ‘केवायएम’ लिहून त्यापुढे तो क्रमांक १४४२२ वर पाठवा, फोन कोणत्या कंपनीचा आणि चालू आहे की बंद केलेला, ते कळतं. ऑक्टोबर २०२५ च्या दुरुस्तीने तर जुन्या फोनचा धंदा करणाऱ्यावरच विक्रीआधी अशा बंद केलेल्या क्रमांकांची काळी यादी तपासण्याची जबाबदारी टाकली.

बीडच्या दृष्टीने या कुळातली मोलाची भर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातली, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला. जुनी ओळ त्यात कायम आहेच, पण बिल न देणं हीही आता अनुचित प्रथा ठरली. सदोष माल परत घेण्याची मुदत बिलावर नसेल तर ती तीस दिवस. आणि तक्रार आता ग्राहक राहतो तिथे करता येते. १९८६ च्या कायद्यात दुकानदाराचं किंवा व्यवहाराचं ठिकाण लागे. या जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. बेळगावकडे कारखान्यावर असताना घेतलेला फोन फसवा निघाला, तर गावी परतल्यावर बीडच्याच जिल्हा आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी तक्रारीला शुल्क नाही. मात्र दावा उभा राहतो बिलावर, आणि स्वस्तातला जुना फोन बहुतेकदा बिलाविना हातात पडतो.

दुकानदाराला बिल नकोसं वाटण्याचं कारण म्हणून कराकडे बोट दाखवलं जातं. ती सबबही अर्धीच आहे. जुना माल तसाच किंवा किरकोळ दुरुस्ती करून विकणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला, खरेदीवर इनपुट क्रेडिट घेतलं नसेल तर, फक्त खरेदी-विक्रीतल्या फरकावर जीएसटी भरण्याची मुभा आहे.

चाळीस वर्षं ती ओळ ‘खोटं सांगू नका’ एवढंच म्हणत आली. तिने आता ‘खरं काय ते लिहा’ म्हणायला हवं: कोणता भाग बदलला, भाग मूळ की बाजारातला, कोणी दुरुस्त केला, हमी किती. चार रकाने बिलावर मावतात. ते भरायला नवं खातं लागत नाही, नवा आयोगही लागत नाही. आहे त्या नियमात एका कलमाची भर पुरेल.