तगर नगरीची वस्ती

भगिनींनो, स्मरणिकेसाठी इतिहासावर चार पाने लिहावीत असे मंडळाच्या बैठकीत ठरले, तेव्हा प्रथम मनात नळदुर्ग आला, मग परंडा आला. आपल्याकडे इतिहास म्हटला की किल्ला, तोफ आणि लढाई एवढेच डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु आपल्या धाराशिव जिल्ह्यात एक गाव असे आहे की, त्याची कीर्ती तलवारीने नव्हे, तर कापडाने सातासमुद्रापार गेली. ते गाव म्हणजे तेर. आज आपण तेरला जातो ते गोरोबाकाकांच्या दर्शनाला. पण ज्या मातीवरून आपण अनवाणी चालत जातो, त्या मातीखाली एक श्रीमंत नगरी निजलेली आहे, हे किती जणींच्या ध्यानात येते?

आधी गावाची जागा पाहू. बालाघाटच्या डोंगरात उगम पावणारी तेरणा नदी या गावाजवळून वाहते, पुढे मांजरेला मिळते आणि मांजरा गोदावरीला. भोवती काळी कसदार जमीन, कापसाला आणि ज्वारीला मानवणारी. पाऊस मात्र लहरी. अशा मुलखात नदीकाठी, पाण्याच्या सोयीने आणि वाटांच्या मिलाफावर वस्ती वाढली. गावाच्या आसपास ज्या पांढऱ्या टेकड्या दिसतात, त्या निसर्गाने घडविलेल्या नाहीत. घरे पडली, त्यांवर नवी उठली, तीही पडली, अशी शतकानुशतकांची माती साचून त्या उंच झाल्या. आपण शेताला ‘काळी’ आणि वस्तीला ‘पांढरी’ म्हणतो ना, त्यातील पांढरी ती हीच.

या नगरीचे जुने नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रमार्गांची व बाजारपेठांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. दक्षिणापथातील दोन मोठ्या पेठा म्हणून तो पैठण आणि तगर यांची नावे घेतो. भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेथून पुढे तगर आणखी दहा दिवसांच्या, असे तो सांगतो. पैठणहून अकीक जाई आणि तगरहून जाडेभरडे कापड, तऱ्हेतऱ्हेची तलम वस्त्रे व इतर माल. हे सारे रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून नेत. महिनाभर बैल हाकीत भडोच गाठायचे आणि तेथून माल गलबतांत चढवायचा, असा तो व्यापार होता.

पुढे ही नगरी इतकी विस्मृतीत गेली की तगर कोठे होते याचाच वाद माजला. कोणी म्हणे दौलताबाद, कोणी जुन्नर, डॉ. भांडारकरांचा तर्क धारूरकडे होता. सारे मोठमोठी ठिकाणे धुंडाळीत होते, तेरसारख्या खेड्याकडे कोणाची दृष्टी गेली नाही. अखेर 1901 साली फ्लीट या पंडितांनी तगर म्हणजेच तेर असे साधार मांडले. शिलाहार राजे कोकणात व कोल्हापुरात राज्य करीत असतानाही ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद अभिमानाने मिरवीत होते. माहेर सुटले तरी माहेरचे नाव सांगावे, तसेच हे!

1958 पासून येथे वेळोवेळी उत्खनने झाली व सातवाहन काळातील वस्ती उजेडात आली. परंतु त्याआधीपासून एक माणूस एकट्याने हे काम करीत होता. तेरचेच व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे यांनी मातीतून वर येणारे मणी, मृण्मूर्ती, नाणी, दिवे, शंखाच्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या. त्यांच्याच नावाने आज तेरला शासकीय वस्तुसंग्रहालय उभे आहे. तेथील हस्तिदंती स्त्रीमूर्ती अवश्य पाहावी. इटलीतील पाँपेई हे नगर इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडले गेले. 1938 साली तेथे जी भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली, तिच्याशी आपल्या तेरच्या मूर्तीचे विलक्षण साम्य आहे. त्रिविक्रमाचे विटांचे प्राचीन मंदिरही पाहण्यासारखे आहे. मागील बाजूने ते हत्तीच्या पाठीसारखे गोलाकार दिसते. मुळात ते बौद्धांचे चैत्यगृह असावे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

आता प्रश्न असा की, या श्रीमंत नगरीत राहत होते तरी कोण? तेव्हा खानेसुमारी नव्हती. निजामाच्या मुलखात पहिली शिरगणती 1881 साली झाली. परंतु वस्तूच साक्ष देतात. खापरे कुंभाराची साक्ष देतात, मणी मणियाराची, शंखाचे तुकडे बांगड्या घडविणाऱ्याची. कापड मात्र मातीत टिकत नाही, म्हणून ज्या धंद्याने नगरी नावारूपाला आली त्याचीच खूण सर्वांत कमी. आणि त्यातही, कापड विणणाऱ्यापेक्षा सूत कातणारी अधिकच अदृश्य. एका मागाला सूत पुरवायचे तर अनेक हात सतत कातीत असावे लागतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सूत कातण्याचे काम विधवा, अपंग व निराधार स्त्रियांना द्यावे असे सांगितले आहे. तगरचे सूतही बहुधा अशाच हातांनी कातले असेल. ग्रीक व्यापाऱ्याने गाड्यांची नोंद केली, बंदराची केली, मालाची केली. कातणारीची नोंद कोणी केली नाही.

रोमशी चालणारा व्यापार ओसरला तशी तगरची पेठही मंदावली. पण वस्ती उठली नाही. तेराव्या शतकात याच गावात संत गोरा कुंभार चाकावर मडकी घडवीत होते. संतमेळ्यात ज्यांना सारे ‘काका’ म्हणत, त्यांची समाधी येथेच आहे. चिखल तुडविताना भान हरपले आणि तान्हे मूल पायाखाली गेले, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो. त्या वेळी पाण्याला गेलेली त्याची आई परतून काय पाहते, तो क्षण आठवला की अजूनही डोळे भरून येतात. निदान तिची तरी आठवण कथेने ठेवली आहे.

आज आपली गणती होते. 2001 च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 932 स्त्रिया होत्या. 2011 साली त्या 924 उरल्या. एकूण लोकसंख्या 14,86,586 वरून 16,57,576 झाली, गावे वाढली, घरे वाढली. हजारामागे बायका मात्र आठाने घटल्या. तगरच्या काळी आपली नोंद नव्हती, आता नोंद आहे आणि ती अशी आहे! कोणत्या घरात कोणता निर्णय होतो हे शेजारणीला ठाऊक असते. तेव्हा याबाबत मंडळाने गप्प राहू नये, एवढीच माझी विनंती.

दुसरी विनंती लहानशी. घर सारवायला, माळवदावर टाकायला पांढरीची माती आणताना खापर, मणी, जुने नाणे हाती लागले तर ते फेकू नये, मुलांना खेळायला देऊ नये. संग्रहालयात पोहोचते करावे. कोण जाणे, तो मणी आपल्यासारख्याच एखादीच्या गळ्यातला असेल. तिचे नाव आपल्याला कधीच कळणार नाही. पण ती या गावात राहून गेली, एवढी तरी नोंद राहील.