कमावलेलें स्वातंत्र्य

मराठींत 'कमावणें' हें क्रियापद दोन ठिकाणीं सारख्याच सहजतेनें येतें. संसारी माणूस पैसा कमावतो आणि ढोर कातडें कमावतो. ॲमॉस फॉर्च्यून ह्या अमेरिकन गुलामाचें चरित्र ह्या दोन अर्थांच्या सांध्यावरच उभें आहे. कारण कातडीं कमावून त्यानें आधीं स्वतःला आणि मग आपल्या बायकोला विकत घेतलें.

१७१० च्या सुमारास आफ्रिकेंत जन्मलेला हा मनुष्य मॅसॅच्युसेट्समधील वोबर्न गांवीं इकबॉड रिचर्डसन नांवाच्या कातडीं कमावणाऱ्याचा गुलाम होता. धन्याच्या कुंडांवरच तो धंदा शिकला. चुन्यांत कातडें भिजवून केस काढावयाचे, आंतील मांस खरवडावयाचें आणि मग ओक झाडाच्या सालीच्या पाण्यांत तें महिनेच्या महिने मुरवावयाचें, असें तें काम. आपल्याकडे ह्याच कामीं बाभळीची साल वापरीत. कुंड तेंच, दुर्गंधही तोच. मात्र आपल्या गांवांनीं हा धंदा वेशीबाहेर ठेवला आणि करणाऱ्याला अस्पृश्य मानलें.

१७७० मध्यें, साठीच्या घरांत, तो स्वतंत्र झाला. पुढें १७७८ मध्यें त्यानें लिडिया नांवाच्या गुलाम स्त्रीला मोल देऊन सोडविलें व तिच्याशीं लग्न केलें. परंतु थोड्याच महिन्यांत ती वारली. पुढील वर्षीं त्यानें पन्नास पौंड मोजून व्हायोलेट हिला खरेदी केलें आणि दुसऱ्याच दिवशीं तिच्याशीं विवाह लावला. सर्व माणसें समान आहेत असें अमेरिकेनें जाहीर केल्यास तेव्हां तीन वर्षें झालीं होतीं! आणखी चार वर्षांनीं, १७८३ च्या सुमारास, त्याच मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयानें गुलामगिरी राज्यघटनेशीं विसंगत ठरविली. तोंवर थांबता तर पन्नास पौंड वांचते, असा हिशेब कोणी मांडील. पण सत्तरीला टेकलेल्या माणसानें न्यायालयाची वाट किती पाहावी?

येथें एक अवघड प्रश्न उभा राहतो. मोल देणें म्हणजे धन्याचा हक्क मान्य करणें नव्हे काय? १८४६ मध्यें इंग्रज मित्रांनीं दीडशें पौंड देऊन फ्रेडरिक डग्लसला कायद्यानें मुक्त केलें, तेव्हां गुलामगिरीच्या कांहीं कट्टर विरोधकांनीं हाच आक्षेप घेतला होता. तत्त्व म्हणून आक्षेप खरा आहे. परंतु तो घेणाऱ्यांची बायकामुलें दुसऱ्याच्या दप्तरांत मालमत्ता म्हणून नोंदलेलीं नव्हतीं.

हा प्रश्न आपल्याला परका नाहीं. पेशवाईंत कुणबिणींची खरेदीविक्री उघड चाले. १८४३ च्या कायद्यानें असला हक्क मानण्यास न्यायालयांना मनाई केली. आणि जोतीराव फुले यांनीं १८७३ मध्यें आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक अर्पण केलें, तें गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांना.

१७८१ मध्यें फॉर्च्यून न्यू हॅम्पशरमधील जॅफ्री गांवीं गेला. तेथें त्यानें पुढें जमीन घेतली, घर बांधलें, हाताखालीं शिकाऊ मुलें ठेविलीं. गांवांतील ग्रंथालयाच्या संस्थापकांत हा कातडीं कमावणारा होता, ही गोष्ट मराठी वाचकानें क्षणभर थांबून ध्यानांत घ्यावी.

एलिझाबेथ येट्स या लेखिकेनें १९५० मध्यें मुलांसाठीं त्याचें चरित्र लिहिलें. त्याला १९५१ चें न्यूबेरी पदक मिळालें. नागपुरांतील मनीषनगरसारख्या वस्तींत एखाद्या आईनें तें मुलाला वाचून दाखविलें, तर मूल नक्कीच रमेल. मात्र बालपणींचा आफ्रिकन राजपुत्र हा कल्पनेचा भाग आहे, हें तिनें सांगावें. त्याची सोशिकता लेखिकेनें फारच गोड करून दाखविली आहे, हा पुढील काळांतील टीकाकारांचा आक्षेपही रास्त आहे. खऱ्या माणसाचा खंबीरपणा त्याच्या व्यवहारांत दिसतो.

१८०१ मध्यें तो मरण पावला. मृत्युपत्रान्वयें त्याचा कांहीं पैसा चर्चला आणि कांहीं गांवच्या शाळेला गेला. पुढच्याच वर्षीं व्हायोलेट गेली. जॅफ्रीच्या स्मशानांत दोघांचे दगड शेजारीं शेजारीं आहेत. तो आफ्रिकेंत स्वतंत्र जन्मला, अमेरिकेंत गुलाम झाला व त्यानें स्वातंत्र्य विकत घेतलें, असें त्याच्या दगडावर कोरलें आहे. तर खरेदीनें ती त्याची गुलाम आणि विवाहानें पत्नी झाली, असें तिच्या.