वाफेमागचे वाढपी

१४ मे १९५१ रोजी वेल्समधल्या टायविन गावातून टॅलीलिन रेल्वेची गाडी सुटली. बंद पडायला आलेला लोहमार्ग स्वयंसेवकांनी स्वतः चालवायला घेण्याची जगातली ही पहिली घटना. छपरांसाठी लागणारा पाटीचा दगड ब्रिन एग्ल्विसच्या डोंगरातून खाली आणण्यासाठी १८६० च्या दशकात हा अरुंद मार्ग घातला गेला होता. खाण १९४६ मध्ये बंद झाली आणि मालक सर हेन्री हेडन जोन्स १९५० मध्ये वारले. त्याच वर्षी ऑक्टोबरात एल. टी. सी. रोल्ट आणि त्यांच्या साथीदारांनी बर्मिंगहॅमला सभा भरवून रेल्वे वाचवायचे ठरवले. पुढच्या दोन पिढ्यांत ब्रिटनमध्ये अशा शंभराहून अधिक वारसा रेल्वे उभ्या राहिल्या आणि आज त्यांच्यावर वीस हजारांहून जास्त स्वयंसेवक राबतात. या चळवळीचा इतिहास बहुधा इंजिनांच्या अंगाने सांगितला जातो: कोणते इंजिन भंगारातून सोडवले, कोणता बॉयलर पुन्हा पेटला, कोणता पूल बांधला. चहाचा गल्ला, जेवणाची गाडी आणि नाताळच्या खास फेऱ्या या इतिहासात तळटीपेसारख्या येतात, त्याही थोड्या संकोचाने, जणू पोटासाठी पत्करलेली तडजोड. मला हा संकोच चुकीचा वाटतो. खानपान आणि खास गाड्या हा रुळांइतकाच रेल्वेचा मूळचा वारसा आहे. वाद घालायचाच असेल, तर तो वारसा कोणाच्या हाती असावा आणि कसा चालवावा, यावर घालावा.

पुरावा शोधायला फार दूर जावे लागत नाही. २७ सप्टेंबर १८२५ रोजी स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वे सुरू झाली, त्या दिवसाचा शेवट स्टॉकटनच्या टाउन हॉलमधल्या मेजवानीने झाला. १८२९ च्या ऑक्टोबरात रेनहिलला इंजिनांची चाचणी झाली, तेव्हा प्रेक्षकांसाठी मंडप उभारले होते आणि बँड वाजत होता. आपल्याकडेही १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला निघालेल्या गाडीत सुमारे चारशे निमंत्रित होते आणि तिला २१ तोफांची सलामी मिळाली. त्या दिवशी ती गाडी एक सोहळा होती, रोजची वाहतूक नंतर आली. थॉमस कुक यांनी ५ जुलै १८४१ ला लेस्टरहून लफबरोला दारूबंदीच्या मेळाव्यासाठी शिलिंगभर भाड्यात शेकडो माणसे नेली. खास निमित्ताची, आधीच तिकिटे विकलेली आणि ठरलेल्या गर्दीची गाडी म्हणजे काय, हे तेव्हाच स्पष्ट झाले होते. आजची नाताळची फेरी त्याच घराण्यातली आहे.

त्याच १८४१ सालचे स्विंडनचे उदाहरण त्याहून बोलके आहे. ग्रेट वेस्टर्न रेल्वेला तिथे कारखाना, स्थानक आणि कामगारांची वस्ती उभी करायची होती, पण हातात पैसा नव्हता. जे. अँड सी. रिग्बी या कंत्राटदारांनी स्थानक आणि सुमारे तीनशे घरे स्वखर्चाने बांधून द्यायचे कबूल केले. मोबदल्यात त्यांना घरांचे भाडे आणि स्थानकातल्या उपाहारगृहाचा नफा ९९ वर्षांसाठी मिळाला. वर अशी अट होती की प्रत्येक नियमित गाडी स्विंडनला दहा मिनिटे थांबेल. म्हणजे एका मोठ्या रेल्वेचे स्थानक आणि वस्ती प्रवाशांच्या चहा-कॉफीच्या भरवशावर उभी राहिली. पण त्या कराराने गाडीचे वेळापत्रकही बांधून टाकले. प्रवासी घाईघाईत खात, तोंड भाजून घेत आणि मिळेल ते गिळून पुन्हा डब्यात चढत. खुद्द मुख्य अभियंता ब्रुनेल यांनी १८४५ मध्ये तिथल्या कॉफीच्या दर्जाबद्दल ठेकेदाराला खरमरीत पत्र लिहिले. शेवटी १८९५ मध्ये एक लाख पौंड मोजून रेल्वेने ती दहा मिनिटे सोडवून घेतली. ज्याच्या हाती स्वयंपाकघर जाते, त्याच्या हाती गाडीही जाऊ शकते, हे या व्यवहारातून दिसते. वारसा रेल्वेने हे लक्षात ठेवायला हवे.

चालत्या गाडीत शिजवलेले जेवण ब्रिटनमध्ये १८७९ मध्ये आले. ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने लीड्स ते लंडन मार्गावर 'प्रिन्स ऑफ वेल्स' हा पुलमन डबा जोडला, त्यात स्वयंपाकघर होते. या परंपरेची एक शाखा महाराष्ट्रात अजून जिवंत आहे. १ जून १९३० ला सुरू झालेली डेक्कन क्वीन ही डायनिंग कार टिकवून ठेवलेली भारतातली एकमेव प्रवासी गाडी आहे. २०२२ मध्ये तिला नवे एलएचबी डबे मिळाले, तेव्हाही टेबल-खुर्च्यांचा तो डबा राहिला. दर १ जूनला पुणे स्थानकावर प्रवासी केक कापून तिचा वाढदिवस साजरा करतात. ही गाडी सरकारी आहे, तिला स्वयंसेवक चालवत नाहीत, तेव्हा टॅलीलिनशी तिची थेट तुलना होणार नाही. पण पुणे-मुंबई रोज करणाऱ्या माणसाला तिच्याबद्दल विचारा. इंजिनाचा नंबर क्वचितच कोणी सांगेल. डायनिंग कारमधले ऑम्लेट मात्र आठवते. गाडीची आठवण जिभेवरही साठते आणि ती जपणे हेही जतनच आहे.

चळवळीच्या पहिल्या वर्षांतच लोकांना हे कळले होते. टॅलीलिनवरून सुचलेला 'द टिटफील्ड थंडरबोल्ट' हा चित्रपट १९५३ मध्ये आला. त्यात गाव आपली रेल्वे वाचवायला निघते, पण पैसा नसतो. गावातला धनिक व्हॅलेंटाइन पैसे देतो ते एकाच कारणासाठी: गाडीला बार असेल आणि गुत्त्यांच्या वेळेचा कायदा तिला लागू नसल्याने त्याला सकाळपासून पिता येईल. प्रेक्षक हसले, पण चित्रपटाने वारसा रेल्वेचे अर्थकारण अचूक पकडले होते. दुसरा दाखला रेव्हरंड ऑड्री यांचा. थॉमस इंजिनाच्या गोष्टींचे हे लेखक टॅलीलिनवर स्वयंसेवक गार्ड म्हणून काम करत. एकदा त्यांनी हिरवा झेंडा दाखवला आणि खाण्याचे पदार्थ विकणारी बाई मागे फलाटावरच राहिली. हा प्रसंग त्यांनी १९५५ च्या पुस्तकात 'पीटर सॅम' नावाच्या इंजिनाच्या गोष्टीत वापरला. पहिल्या स्वयंसेवी रेल्वेवर खाणे विकणारी बाई अशी गृहीत धरलेली होती की तिच्यावाचून गाडी निघणे ही लगेच गोष्ट झाली.

आता हिशेब. वारसा रेल्वेचा खर्च वर्षभर चालू असतो आणि उत्पन्न मात्र हंगामी. इंजिनाच्या बॉयलरची साधारण दहा वर्षांनी पूर्ण उघडून दुरुस्ती करावी लागते आणि ती अतोनात महाग असते. रूळ, सिग्नल, पूल यांना पर्यटक येवोत न येवोत, देखभाल लागतेच. वेल्समधली फॉस-इ-व्रान ही कोळशाची खाण २०२३ मध्ये बंद झाल्यापासून बाहेरून आणलेल्या कोळशाच्या भावावर अवलंबून राहावे लागते. तिकिटाचा भाव मात्र ठरावीक मर्यादेपलीकडे नेता येत नाही, कारण चार जणांचे कुटुंब आधीच हिशेब करून येते. शिवाय उन्हाळ्यातली गर्दी आभाळ बघून घराबाहेर पडते. नाताळच्या गाड्यांचे तसे नसते. त्यांची तिकिटे कित्येक आठवडे आधी विकली जातात, किती मुले येणार ते ठाऊक असते, आणि पैसा नेमका त्या वेळी हाती येतो, जेव्हा जानेवारी-फेब्रुवारीत गाड्या बंद ठेवून मोठी दुरुस्ती काढायची असते. जेवणाच्या गाडीचेही तेच. या मार्गांवर सहसा ताशी २५ मैलांची वेगमर्यादा असते. प्रवासासाठी हा वेग कमीच, पण तीन पदार्थांचे जेवण सावकाश वाढायला तो अगदी योग्य. सेव्हर्न व्हॅली रेल्वेच्या १६ मैलांवर रविवारचे जेवण निवांत होते. ब्लूबेल रेल्वेच्या 'गोल्डन ॲरो' या जेवणाच्या गाडीत बसलेला पाहुणा रेल्वेला एका तिकिटाच्या कितीतरी पट पैसे देऊन जातो.

पण केवळ पैशाचा मुद्दा मांडला तर माझे म्हणणे अर्धेच राहील. खानपानाचा डबा ही स्वतःच जतन करायची वस्तू आहे. ब्रिटिश रेल्वेने १९५० आणि ६० च्या दशकांत बांधलेले मार्क वन प्रकारचे बुफे डबे आज वारसा रेल्वेवर अजून धावतात. त्यांतली काउंटरची उंची, अरुंद वाट, बशा न घसरणारे कठडे या सगळ्यामागे एका कामाचे शहाणपण आहे. संग्रहालयात ठेवलेला असा डबा बघता येतो, पण हलत्या गाडीत रस्सा न सांडता ताट कसे न्यायचे, उलट्या बाजूने येणाऱ्या वाढप्याने कुठे थांबायचे, वळण येण्याआधी किटली कुठे ठेवायची, हे तिथे कळणार नाही. इंजिन चालवण्याचे कौशल्य टिकावे म्हणून इंजिन चालते ठेवायचे, हा चळवळीचा मूळ आग्रह. तोच न्याय वाढप्यांनाही लावला पाहिजे.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप असा की या कार्यक्रमांनी रेल्वेची जत्रा होते. खऱ्या इंजिनाला चेहरा चिकटवून थॉमस करायचे, सांताक्लॉजला डब्यात बसवायचे, मग इतिहास उरतो कुठे? मला हा आक्षेप थॉमसबाबत लंगडा वाटतो. त्या गोष्टी लिहिणारा माणूस याच मार्गांवरचा स्वयंसेवक होता. १९८४ पासून दूरदर्शन मालिकेने थॉमस घराघरांत नेला, त्याच्या कितीतरी आधी, १९७१ मध्ये, पीटरबरोमधल्या एका इंजिनाला खुद्द ऑड्रींनी थॉमस नाव दिले होते. ही नाळ बाहेरून जोडलेली नाही. पण १९४० च्या दशकातला युद्धकाळ जागवणारे वीकेंड मात्र मला खरोखर अवघड प्रश्न वाटतात. स्थानके त्या काळासारखी सजतात, लोक गणवेश घालून येतात आणि अन्नाची टंचाई, बॉम्बहल्ले, मृत्यू यांच्या जागी नाच-गाणी उरतात. काही ठिकाणी नाझी गणवेशातली माणसे आली आणि रेल्वेंना तशा गणवेशांवर बंदी घालावी लागली. हा आक्षेप मी मान्य करतो. उपाय म्हणजे कार्यक्रमाचे त्या मार्गाशी खरे नाते आहे का, ते तपासणे. १९७० चा 'द रेल्वे चिल्ड्रन' कीथ्ली-वर्थ व्हॅली रेल्वेवर चित्रित झाला, म्हणून ओकवर्थ स्थानकावर त्याचे निमित्त शोभते. टायविनला १९८४ पासून दर ऑगस्टमध्ये धावपटू टॅलीलिनच्या गाडीशी शर्यत लावतात. ती तिथल्या रोटरी क्लबने सुरू केली. आजूबाजूच्या शेतांतून जाणारी ही वाट दुसऱ्या कुठल्याही रेल्वेला उचलून नेता येणार नाही.

दुसरा आक्षेप स्वयंसेवकांच्या बाजूने येतो आणि तो मला जास्त जवळचा वाटतो. जो माणूस इंजिनासाठी आला त्याने कपबश्या का विसळाव्यात? आणि हॉटेलात ज्या कामाला पगार मिळतो ते इथे फुकट का? उत्तराचा एक भाग असा की सगळे फुकट असूच नये. अन्नसुरक्षेचा कायदा पगारी आणि हौशी यांत फरक करत नाही. पाकिटावर ॲलर्जीची माहिती छापायची जबाबदारी २०२१ पासून आणखी कडक झाली आहे. ती जबाबदारी रोज पेलणाऱ्या आचाऱ्याला आणि व्यवस्थापकाला पगार देणे रास्तच. वाढायला, तिकिटे तपासायला, मुलांना भेटवस्तू द्यायला स्वयंसेवक असावेत, कारण प्रवाशाशी बोलणे हे त्यांनाच उत्तम जमते. नफा विश्वस्त संस्थेकडे आणि तिथून बॉयलरकडे जातो, हे त्यांना दिसत राहिले पाहिजे. म्हणूनच 'सगळे बाहेरच्या ठेकेदाराला देऊन टाका' हा सोपा सल्ला मला धोक्याचा वाटतो. ठेकेदाराच्या हिशेबात गाडी थांबण्याची मिनिटे असतात, बॉयलर नसतो. उत्तराचा दुसरा भाग मानाचा आहे. इंजिन साफ करणाऱ्यापासून चालकापर्यंतच्या पायऱ्या प्रत्येक रेल्वेवर आखलेल्या आहेत: प्रशिक्षण, परीक्षा, बढती. तशाच पायऱ्या बुफे डब्यासाठीही आखाव्यात. वाढायला शिकलेल्याने जेवणाच्या गाडीचा प्रमुख व्हावे. आणि वर्षाच्या गाड्यांचे वेळापत्रक ठरवताना लोको विभागाच्या प्रमुखाशेजारी त्यालाही मताचा अधिकार असावा. कोणत्या शनिवारी कोणते डबे जोडायचे, यावर त्या दिवशी किती जण जेवू शकतील ते अवलंबून असते.