कोल्हापूरचा कॅमेरा, जो अंधाराचे फोटो काढतो

रात्रीच्या आभाळाचा फोटो म्हटलं की आपल्याला तारे हवे असतात. पण आपल्या कोल्हापुरात, शिवाजी विद्यापीठात भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांनी लावलेल्या कॅमेऱ्याला हवा होता ताऱ्यांमधला अंधार.

गोष्ट जुनी आहे. १८६८ साली स्वीडनच्या अँगस्ट्रॉमला रात्रीच्या आभाळाच्या प्रकाशात एक हिरवी रेघ दिसली, तीही ध्रुवीय प्रकाश नसताना. म्हणजे रात्र पूर्ण काळी नसतेच. वरची हवा स्वतःच मंद उजळते. यालाच एअरग्लो म्हणतात.

तो टिपायचा कसा? फिशआय भिंग लावलं की अख्खं आभाळ एका फोटोत मावतं. पुढे ६३० नॅनोमीटरचा लाल प्रकाशच सोडणारा फिल्टर. हा प्रकाश साधारण २५० किलोमीटर उंचीवरच्या ऑक्सिजनचा. शटर बराच वेळ उघडं, सेन्सर थंड, आणि रात्र निरभ्र, बिनचंद्राची.

या फोटोंत कधी उत्तर-दक्षिण काळे पट्टे दिसतात, बहुधा पूर्वेकडे सरकणारे. मला आधी वाटलं, भिंगावर धूळ असेल! पण ते प्लाझ्माचे बुडबुडे. सूर्यास्तानंतर दक्षिणेत चुंबकीय विषुववृत्तावर ते उठतात आणि चुंबकीय रेषांवरून आपल्यापर्यंत ताणले जातात. त्यांतून येताना जीपीएसचा सिग्नल थरथरतो, कधी तुटतो.

म्हणून शहराचा झगमगाट वाढला की मला फक्त ताऱ्यांची काळजी वाटत नाही. पांढऱ्या एलईडीत लाल प्रकाशही असतो. तो फिल्टरमधून आत शिरतो. अंधार गेला, तर हे पट्टे दिसणार कशावर?