इंटरनेट व वेब

इंटरनेट व वेब : जगभरातील संगणक, मोबाइल आणि इतर उपकरणे परस्परांना जोडणारे जाळे म्हणजे इंटरनेट. त्या जाळ्यावरून, दुव्यांनी एकमेकांशी बांधलेली पाने मागवण्याची आणि वाचण्याची व्यवस्था म्हणजे वर्ल्ड वाइड वेब, थोडक्यात वेब. बोलताना दोन्हींना ‘नेट’ म्हणतात. नवशिक्याने मात्र हा फरक आधी समजून घ्यावा, कारण पुढचे बहुतेक गोंधळ त्यातूनच होतात. इंटरनेटचा आरंभ १९६९ सालचा. वेब सर्वांसाठी खुले झाले १९९१ मध्ये. मधली २२ वर्षे इंटरनेट वेबवाचून चालले होते. त्यावरून ई-मेल जात, फायली पाठवल्या जात, दूरच्या संगणकावर काम करता येई. आजही व्हॉट्सॲपवरचा निरोप किंवा यूपीआयने दुकानदाराला दिलेले पैसे इंटरनेटवरून जातात, पण त्यासाठी वेबपान उघडावे लागत नाही.

पॅकेटची कल्पना : जुन्या दूरध्वनी पद्धतीत दोघे बोलत असेपर्यंत तारेची एक वाट त्यांच्यासाठी राखून ठेवली जाई. ते गप्प असले तरी ती इतरांच्या उपयोगी पडत नसे. १९६० च्या दशकात अमेरिकेत पॉल बरान आणि ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांना स्वतंत्रपणे वेगळी युक्ती सुचली. मजकुराचे लहान तुकडे करायचे, प्रत्येकावर कुठून कुठे जायचे ते लिहायचे आणि ज्याला जी वाट मोकळी मिळेल तिने त्याला जाऊ द्यायचे. दुसऱ्या टोकाला ते पुन्हा क्रमाने जुळवायचे. या तुकड्यांना ‘पॅकेट’ हे नाव डेव्हिस यांनी दिले. त्यांना वाट दाखवणाऱ्या यंत्रांना आज राउटर म्हणतात. घरातले वायफायचे खोके हाही एक छोटा राउटरच.

या तत्त्वावर अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या ‘अर्पा’ या संशोधन संस्थेने अर्पानेट उभारले. अणुयुद्धातही टिकेल असे जाळे हवे म्हणून ते बांधले, ही सर्वत्र सांगितली जाणारी गोष्ट खरी नाही. तो विचार बरान यांच्या संशोधनामागे होता. अर्पानेटचा हेतू महागडे संगणक निरनिराळ्या विद्यापीठांतील संशोधकांना वाटून वापरता यावेत एवढाच होता. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटकडे पहिला निरोप निघाला. ‘लॉगिन’ हा शब्द पाठवायचा होता. एल आणि ओ ही दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडची यंत्रणा बंद पडली. तासाभराने पुन्हा प्रयत्न झाला आणि तो यशस्वी ठरला. वर्षअखेरपर्यंत या जाळ्यात चार ठिकाणे जोडली गेली होती.

पुढे अशी अनेक जाळी तयार झाली, पण प्रत्येकाचे नियम वेगळे. त्यांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये समाईक नियमांचा आराखडा मांडला. त्यातूनच टीसीपी/आयपी हे नियम घडले. आयपीकडे पत्ता आणि वाट. टीसीपीकडे तुकडे मोजण्याचे, क्रमाने लावण्याचे आणि हरवलेला तुकडा पुन्हा मागवण्याचे काम. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने जुने नियम सोडून हे स्वीकारले. या आराखड्यातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे जाळ्याने मजकुरात लक्ष घालायचे नाही, तो फक्त पोहोचवायचा. त्यामुळे त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही नसलेल्या सेवा, म्हणजे वेब, व्हिडिओ कॉल, मोबाइलवरून पैसे देणे, पुढे याच जाळ्यावर उभ्या राहू शकल्या. त्यासाठी कोणत्याही मध्यवर्ती कार्यालयाची परवानगी घ्यावी लागली नाही.

समुद्राखालच्या तारा : मोबाइलवर इंटरनेट येते म्हणून ते उपग्रहावरून येत असावे, असा समज अनेकांचा असतो. मोबाइलपासून टॉवरपर्यंतचे अंतर तेवढे बिनतारी असते. पुढचा प्रवास बहुतांशी जमिनीतल्या काचतंतूंच्या केबलमधून आणि देशाबाहेर जायचे झाल्यास समुद्रतळावरच्या केबलमधून होतो. खोल समुद्रात ही केबल बागेला पाणी घालायच्या नळीएवढीच जाड असते. भारतात अशा केबल मुंबई, चेन्नई, कोची, तुतिकोरिन आणि तिरुवनंतपुरम येथे किनाऱ्याला लागतात. मुंबईत त्यांचे मोठे ठिकाण वर्सोव्याला आहे. जानेवारी २००८ च्या अखेरीस इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रात दोन केबल तुटल्या आणि भारताची पश्चिमेकडची वाट एकदम अरुंद झाली. वेग फार मंदावला, तरी इंटरनेट बंद पडले नाही. पॅकेट पूर्वेकडच्या केबलने वळसा घालून जाऊ लागली. बरान आणि डेव्हिस यांच्या कल्पनेचे बळ या प्रसंगात साऱ्या देशाने पाहिले.

पत्ते आणि नावे : इंटरनेटला जोडलेल्या यंत्राचा पत्ता आकड्यांचा असतो. जुन्या पद्धतीचे पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे एकूण सुमारे ४२९ कोटी. जोडली जाणारी उपकरणे वाढत गेल्यावर ते अपुरे पडणारच. म्हणून १२८ बिटांची नवी पद्धत आली. ती वापरणाऱ्या देशांत भारत आघाडीवर आहे. माणसाला असे आकडे लक्षात ठेवता येत नाहीत. नावावरून आकडा शोधून देणारी डीएनएस ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये रचली. तिची सूची एका जागी नसून जगभरच्या असंख्य सर्व्हरवर, म्हणजे मागितलेली माहिती पुरवणाऱ्या संगणकांवर, वाटलेली असते.

वेबचा जन्म : जिनीव्हाजवळच्या ‘सर्न’ या भौतिकी संशोधन संस्थेत हजारो शास्त्रज्ञ येत-जात आणि त्यांची माहिती वेगवेगळ्या संगणकांवर अडकून पडे. टिम बर्नर्स-ली या ब्रिटिश संगणकतज्ज्ञाने मार्च १९८९ मध्ये त्यावर एक प्रस्ताव दिला. बेल्जियमचे रॉबेर कायो त्यांना येऊन मिळाले. १९९० च्या अखेरीस पहिला ब्राउझर, म्हणजे वेबपाने मागवून दाखवणारा प्रोग्रॅम, आणि पहिला वेब सर्व्हर चालू झाला. ऑगस्ट १९९१ मध्ये हे काम इंटरनेटवर जाहीर झाले. बर्नर्स-ली यांच्या रचनेचे तीन भाग आहेत. पान कसे लिहायचे याची खुणांची भाषा एचटीएमएल. पान कसे मागायचे आणि कसे द्यायचे याचे नियम एचटीटीपी. आणि प्रत्येक पानाला जगात एकमेव असा पत्ता, म्हणजे यूआरएल. एका पानावरच्या शब्दाला दुसऱ्या पानाचा पत्ता जोडला की दुवा तयार होतो. ते दुसरे पान ज्याचे आहे त्याला विचारावेही लागत नाही. वेबची अफाट वाढ या साध्या मोकळिकीतून झाली.

३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबचे तंत्र सर्वांना विनामूल्य खुले केले. या निर्णयाचे महत्त्व त्याच वर्षीच्या दुसऱ्या घटनेवरून कळते. मिनेसोटा विद्यापीठाची गोफर नावाची अशीच एक सेवा तेव्हा वेबपेक्षा लोकप्रिय होती. तिच्या सर्व्हरसाठी काही वापरांवर शुल्क आकारण्याचे विद्यापीठाने जाहीर करताच लोक तिच्यापासून दूर जाऊ लागले. १९९३ मध्येच मोझेक हा चित्रे आणि मजकूर एकाच पानात दाखवणारा ब्राउझर आला आणि वेब संशोधकांच्या खोलीतून घराघरांत पोहोचायला लागले.

एक पान उघडताना : कराडच्या विद्यार्थिनीने मोबाइलवर मराठी विकिपीडियाचे एखादे पान उघडले, असे समजा. ब्राउझर आधी डीएनएसकडून त्या नावाचा आकडी पत्ता मिळवतो. मग त्या पत्त्यावरच्या सर्व्हरशी कुलूपबंद, म्हणजे कूटरूपात बोलणारी जोडणी करतो आणि पान मागतो. विकिपीडियाची मुख्य केंद्रे अमेरिकेत व्हर्जिनिया आणि टेक्सास राज्यांत आहेत, पण वाचकाला जवळून पान मिळावे म्हणून त्याच्या प्रती सिंगापूरसारख्या ठिकाणीही ठेवलेल्या असतात. मुंबई ते सिंगापूर हवाई अंतर सुमारे ४,००० किमी. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किमी जातो, म्हणजे एकेरी प्रवासाला निदान २० मिलिसेकंद लागणारच; प्रत्यक्षात केबलची वाट लांबची असल्याने त्याहून अधिक. पान पॅकेटांत येते. साधारण पॅकेट जास्तीत जास्त १,५०० बाइटचे असते आणि देवनागरीतले प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. त्यामुळे मजकूर दाबून लहान केला नाही, तर एका पॅकेटात ५०० हून कमी चिन्हे मावतात. लांबलचक लेख असा शेकडो तुकड्यांनी येतो आणि वाचणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

पान उघडले नाही तर चूक कुठे झाली, हे ओळखण्यासाठी या साखळीचे ज्ञान उपयोगी पडते. पडद्यावर ‘४०४’ आला, तर इंटरनेटही चालू आहे आणि सर्व्हरही चालू आहे. फक्त मागितलेले पान तिथे नाही. अशा वेळी रिचार्ज संपले का, हे पाहत बसण्यात अर्थ नसतो. सर्व्हर सापडत नाही असे उत्तर आले, तर आधी पत्ता अचूक लिहिला आहे का ते पाहावे. एकच संकेतस्थळ उघडत नसेल आणि बाकीची उघडत असतील, तर दोष बहुधा आपल्या बाजूला नाही. काहीच चालत नसेल, तर मात्र राउटर, सिमकार्ड आणि रेंज तपासावी.

भारतात : भारतातील इंटरनेटचा पाया १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट या शैक्षणिक जाळ्याने घातला. मुंबईतील जुहूची एनसीएसटी ही संस्था, पवईसह पाच आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था त्यात होत्या. एनसीएसटीचे श्रीनिवासन रमणी यांना या कामासाठी २०१४ मध्ये इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. सामान्य ग्राहकांसाठी विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी ही सेवा सुरू केली. खासगी कंपन्यांना १९९८ मध्ये परवानगी मिळाली. तरी दूरध्वनीची तार, मोडेम आणि संगणक हे तिन्ही परवडणाऱ्या घरांपुरतेच इंटरनेट बराच काळ राहिले. खेड्यापाड्यांत ते पोहोचले मोबाइलवरून, विशेषतः २०१६ नंतर डेटाचे दर कोसळल्यावर.

वेबवरची मराठी : वेबवर मराठी सहज आली नाही. सुरुवातीला प्रत्येक मराठी फाँटची अक्षरसंकेतांची आपली वेगळी पद्धत होती. वाचणाऱ्याच्या संगणकावर तोच फाँट नसला, तर मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसे. त्याहून मोठी हानी म्हणजे असे पान शोधयंत्राला मराठी म्हणून ओळखताच येत नसे. अनेक वर्षांची वृत्तपत्रीय पाने आणि सरकारी कागद अशा रीतीने वेबवर असूनही नसल्यासारखे झाले. युनिकोडने प्रत्येक अक्षराला जगभर मान्य असा एकच क्रमांक दिला आणि हा प्रश्न सुटला. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची, पण संगणक आणि मोबाइल ते नीट दाखवू लागायला पुढची बरीच वर्षे लागली. मराठीतल्या ‘ॲ’ला स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ मध्ये. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. वाई येथून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली सुरू झालेला मराठी विश्वकोशही आता वेबवर विनामूल्य वाचता येतो. २०१४ पासून ‘डॉट भारत’ने संपणारे देवनागरी पत्तेही घेता येतात, मात्र त्यांचा वापर अजून फारच थोडा आहे. जुन्या फाँटमधला मजकूर ज्यांच्याकडे पडून आहे त्यांनी तो युनिकोडमध्ये आणणे, हे आज मराठीसाठी करण्याजोगे मोठे काम आहे.

पत्ता वाचणे : गूगलसारखे शोधयंत्र म्हणजे वेब नव्हे. ते वेबवरच्या पानांची सूची ठेवते आणि त्या सूचीत शोधून देते. वर दिसणारे काही निकाल पैसे देऊन लावलेल्या जाहिराती असतात. बँकेचा किंवा गॅस एजन्सीचा ग्राहकसेवा क्रमांक शोधयंत्रात शोधणाऱ्यांना भामट्यांचे क्रमांक मिळाल्याची उदाहरणे सतत घडतात. म्हणून पत्ता वाचायला शिकणे ही वेब वापरण्यातली पहिली कसोटी मानावी.

पत्त्यातील पहिल्या एकेरी तिरक्या रेघेपूर्वीचा भाग उजवीकडून डावीकडे वाचायचा असतो. ‘महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन’ या नावाचा शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ने होतो, आणि असे नाव फक्त सरकारी संस्थांना मिळते. पण त्याच्या पुढे आणखी एखादे नाव आणि ‘डॉट कॉम’ जोडलेले असले, तर ते पान सरकारचे नाही; ते त्या शेवटच्या नावाच्या मालकाचे आहे. डावीकडे काय लिहायचे ते मालकाला हवे तसे ठरवता येते. रिझर्व्ह बँकेने याच कारणासाठी सर्व बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ने संपणारे पत्ते घ्यायला सांगितले आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हाचा अर्थ इतकाच, की वाटेत कोणी मजकूर वाचू शकत नाही. पलीकडचा माणूस प्रामाणिक आहे, असे ते चिन्ह सांगत नाही. भामट्यांच्या पानांनाही कुलूप असते.

यूपीआयचा पिन पैसे पाठवण्यासाठी लागतो, स्वीकारण्यासाठी कधीच लागत नाही. ओटीपी बँकेचा कर्मचारीही मागत नाही. फसवणूक झालीच, तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर कळवावे. तक्रार जितकी लवकर होईल, तितकी पैसे पुढे जाण्याआधी खात्यात गोठवले जाण्याची शक्यता अधिक असते.