कंपाउंडरची लेक आणि कॉलेजची निवड

अमेरिकेत एडिसनला एका डॉक्टरांकडे मी मेडिकल असिस्टंट आहे. रक्तदाब मोजायचा, रक्त काढायचं, ईसीजी काढायचा, मध्येच विमा कंपनीशी फोनवर हुज्जत घालायची. माझे वडील कराडला कंपाउंडर होते. डॉक्टरांच्या हाताखालीच शिकलेले.

अमेरिकेतही पूर्वी तीच रीत. डॉक्टर एखाद्या चुणचुणीत मुलीला ठेवून घ्यायचे आणि स्वतःच तयार करायचे. अशा मेडिकल असिस्टंट बायकांनी १९५६ मध्ये आपली देशव्यापी संघटना उभी केली. मॅक्सीन विल्यम्स पहिल्या अध्यक्ष. १९६३ मध्ये प्रमाणपत्र परीक्षा आली. पुढे नव्वदीच्या दशकात संघटनेने त्या परीक्षेसाठी मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाची अट घातली, आणि कॉलेज कोणतं याला खरी किंमत आली.

किंमत आली तसे दुकानदारही आले. कोरिंथियन कॉलेजेस ही नफेखोर साखळी हेच शिक्षण विकायची, नोकऱ्या लागल्याचे फुगवलेले आकडे दाखवून. २०१५ मध्ये दिवाळं वाजलं. तिथल्या सुमारे ५ लाख ६० हजार विद्यार्थ्यांचं ५.८ अब्ज डॉलरचं कर्ज सरकारने माफ करायचं ठरवलं, तेही २०२२ मध्ये. तोवर कित्येकांची उमेदीची वर्षं हप्त्यांत गेली.

माझी भाची आता याच शिक्षणासाठी कॉलेज शोधतेय. चकचकीत इमारतीला मी भुलत नाही. माझा कौल सरकारी कम्युनिटी कॉलेजला. पण तिथेही अभ्यासक्रमाला सीएएएचईपी किंवा एबीएचईएस या मान्यता देणाऱ्या संस्थांपैकी एकीची मान्यता आहे का, आणि दोन वर्षांच्या पदवीतले कोणते क्रेडिट पुढे नर्सिंगला धरतात, हे पैसे भरण्याआधी लेखी मागून घ्या.