चिंध्यांची शुभेच्छापत्रे

मोहगाव, सौसर, पांढुर्णा हा मध्य प्रदेशातला कापूस आणि संत्र्यांचा मराठी मुलूख. इथल्या कापसाचे कापड होते, कापडाच्या चिंध्या उरतात आणि त्या चिंध्यांचाही कागद होतो, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते.

हातकागदाची ही कला शेजारच्या महाराष्ट्रात जुनी. दौलताबादजवळचे कागजीपुरा आणि जुन्नर इथले कागदी कारागीर हाताने कागद बनवत. गिरण्यांचा स्वस्त कागद आला आणि त्यांचा धंदा बसला.

१९३४ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. वर्ध्याच्या मगनवाडीत अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली हातकागदाचे प्रयोग सुरू झाले. तिथे काम केलेल्या के. बी. जोशींनी १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था उभारली.

हा कागद करण्याची रीत अशी: शिंपीकामातली सुती कात्रणे निवडून बारीक कापायची, पाण्यात कुटून लगदा करायचा, जाळीच्या साच्यावर तो उचलायचा, दाबून पाणी काढायचे आणि कागद वाळवायचा. यासाठी एकही झाड तोडावे लागत नाही.

लगद्यात फुलांच्या पाकळ्या मिसळल्या, की त्या कागदात उमटतात. म्हणूनच हातकागदाला शुभेच्छापत्रे आणि लग्नपत्रिकांचे मोठे गिऱ्हाईक मिळाले. अशा कार्डावर सुती कापडाचा तुकडा चिकटवला, तर कापूस दोन रूपांत एकत्र येतो.